सज्ञान कुणाला ठरवायचं? १९२४ चे दोन कायदे आणि आपली पोरं



१५ जुलै २०२५ रोजी पुण्याच्या बाल न्याय मंडळाने पोर्शे प्रकरणातल्या मुलाला सज्ञान समजून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी फेटाळली. त्या आठवड्यातल्या रविवारी भाईंदरला आमच्या विहारात वंदना झाल्यावर पोरं घरी जायला तयार नव्हती. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला दोन तरुण अभियंते गाडीखाली चिरडून मेले. बिल्डरचा सतरा वर्षांचा पोरगा काही तासांत जामिनावर बाहेर आला, आणि त्याला शिक्षा काय, तर रस्ता अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध. हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. एकाने सरळ विचारलं, "दादा, सतराव्या वर्षी दारू कळते, गाडी कळते, मग तुरुंग का कळू नये?" आम्ही हात वर करायला सांगितले. बहुतेक सगळे हात सज्ञान ठरवण्याच्या बाजूने वर गेले.

मागे बसलेल्या एका आजींनी हात वर केला नव्हता. त्या म्हणाल्या, "त्या पोराला मोठा ठरवा बाबांनो. पण उद्या माझ्या नातवालाबी मोठा ठरवतील. त्याच्याकडं वकील हाय. माझ्या नातवाकडं काय हाय?"

त्या दिवशी आम्ही वेळ मारून नेली. हा लेख त्या आजींच्या प्रश्नासाठी आहे. आणि हा प्रश्न पुण्यातल्या त्या रात्री सुरू झालेला नाही, म्हणून थोडं मागं जावं लागेल.

एकाच गुन्ह्याला जन्म बघून वेगळी शिक्षा, ही या देशातली जुनीच रीत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात इतर वर्णांना जिथे देहदंड सांगितला, तिथे ब्राह्मणाला फक्त मुंडण सांगितलं आहे. तीनशे शब्दांचा निबंध ऐकून आमच्यातल्या अनेकांना हेच मुंडण आठवलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं आम्हाला वाटत नाही. इंग्रज आले आणि कायद्यापुढे सगळे सारखे असं पुस्तकात तरी लिहिलं गेलं. पोरांच्या बाबतीत मात्र इंग्रजांनी दोन वेगळ्या वाटा काढल्या.

पहिली वाट मुंबईतून जाते. १८५० च्या अॅप्रेंटिस कायद्याने दहा ते अठरा वर्षांच्या अनाथ, गरीब आणि किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना तुरुंगाऐवजी एखाद्या धंद्यात उमेदवारीला लावायची सोय केली. १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून मुंबईत अशा मुलांसाठी सुधारशाळा उभी राहिली. ती संस्था आजही माहीम-माटुंग्याला आहे. (पुण्याच्या ज्या ससून रुग्णालयात या मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली, तेही त्याच दात्याच्या नावाचं. दात्याचा काय दोष!) १८७६ आणि १८९७ ला सुधारशाळांचे कायदे झाले. मग मुंबई इलाख्याचा १९२४ चा बाल कायदा आला. चौदाच्या आतला तो बालक, चौदा ते सोळा तो किशोर, त्यांच्यासाठी वेगळं न्यायालय. १९२७ पासून मुंबईत त्याचा अंमल सुरू झाला, चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली, आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना जिथे १०१ दिवस ठेवलं होतं त्या डोंगरीच्या तुरुंगाच्या जागी पुढे मुलांचं निरीक्षणगृह झालं. आपल्या आयाबाया पोरांना 'डोंगरीला टाकीन' म्हणून दम देतात ते हेच ठिकाण. मूल चुकलं तर त्यात घराचा, वस्तीचा, उपाशी पोटाचा वाटा असतो, त्याला सुधारायची संधी द्यायची, असा या वाटेचा विचार होता.

दुसरी वाट त्याच १९२४ सालची आहे, आणि ती शाळेच्या पुस्तकात येत नाही. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा त्या वर्षी नव्याने एकत्र करून मांडला गेला. या कायद्यात पोरानं काही करायची गरजच नव्हती. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातीत जन्मला म्हणजे झालं. हजेरी, परवाना, काटेरी तारेतली वसाहत. सोलापूरची सेटलमेंट आजही तिथल्या लोकांच्या बोलण्यात 'सेटलमेंट'च आहे. या कायद्याने सरकारला आणखी एक अधिकार दिला होता. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या औद्योगिक किंवा सुधारशाळेत ठेवायचं. कारण काय? आईबापांजवळ राहिली तर गुन्हेगार होतील.

हे दोन कायदे शेजारी ठेवून बघा. साल एक, राज्यकर्ते एकच. मुंबईच्या रस्त्यावर चोरी करताना सापडलेला तेरा वर्षांचा मुलगा बालक. वसाहतीतला सहा वर्षांचा पारध्याचा मुलगा, ज्याने काहीही केलेलं नाही, तो मात्र होणारा गुन्हेगार. बालपण कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही याची रेघ वयावर मारलेली नव्हती, जन्मावर मारलेली होती.

१९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. अध्यक्ष कोण? ओ. एच. बी. स्टार्ट, मुंबई इलाख्यातल्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे अधिकारी. आमच्या शिक्षणाचा, पाण्याचा, जमिनीचा प्रश्न बघायला सरकारला वसाहतींचा साहेबच सापडला, यावरून त्यांच्या कागदांत आपण कोणत्या फायलीशेजारी होतो ते कळतं.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. तो दिवस आपण विमुक्त दिन म्हणून पाळतो. सात वर्षांत, १९५९ ला, मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि पोलिसांच्या वहीतली तीच माणसं नव्या नावाने तिथेच राहिली. तुरुंगांच्या नियमपुस्तकांत ही नोंद किती खोल रुतून बसली होती ते पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिलेल्या निकालात वाचायला मिळतं. तो निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने वाचलाच पाहिजे.

मुलांच्या कायद्याचं पुढचं थोडक्यात सांगतो. १९८६ ला देशभरासाठी बाल न्याय कायदा झाला. मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत बालक. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठराची मर्यादा दिली. डिसेंबर २०१२ ला दिल्लीची भयंकर घटना घडली आणि आरोपींपैकी एक अठराच्या आतला निघाला. पुढच्या वर्षी मुंबईत शक्ती मिलच्या प्रकरणातही अल्पवयीन आरोपी होते. देशाला राग आला, तो रास्त होता. पण त्या रागाच्या भरातसुद्धा न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये वय कमी करू नका असंच सांगितलं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वय कमी करण्याच्या याचिका फेटाळल्या. संसदेच्या स्थायी समितीनेही नव्या विधेयकातल्या या तरतुदीला विरोध केला. शेवटी काय झालं? दिल्लीचा तो आरोपी २० डिसेंबर २०१५ ला सुटला, टीव्हीवर गदारोळ झाला आणि दोन दिवसांत राज्यसभेने विधेयक मंजूर केलं. जानेवारी २०१६ पासून सोळा ते अठराच्या मुलाने 'अतिगंभीर' गुन्हा केल्याचा आरोप असेल तर मंडळ त्याची प्राथमिक चाचपणी करतं. त्याची मानसिक-शारीरिक क्षमता काय, परिणाम कळत होते का, परिस्थिती कोणती होती. त्यावरून त्याला सज्ञानासारखा खटल्याला पाठवायचं की नाही ते ठरतं. गुन्हा त्याने केला हे अजून सिद्ध व्हायचं असतं, आणि 'गुन्हा करताना' त्याचं डोकं कसं चाललं होतं हे आधीच ठरवायचं!

आता 'अतिगंभीर' म्हणजे काय ते नीट समजून घ्या, सगळी गोम तिथे आहे. ज्या गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा लिहिलेली आहे तो अतिगंभीर. जास्तीत जास्त किती, हा हिशेब इथे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात हे स्पष्ट केलं. दारू पिऊन गाडी घालून दोन माणसं मारली, सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं, तर त्याला कमाल शिक्षा जबर आहे पण किमान सात वर्षं लिहिलेली नाहीत. म्हणजे तो अतिगंभीर नाही. आणि कुणी सोळा वर्षांच्या पोराने चाकू दाखवून मोबाईल हिसकावला, तर? प्राणघातक शस्त्र वापरून जबरी चोरी, जुन्या संहितेचं कलम ३९७, नव्याचं ३११. किमान शिक्षा सात वर्षं. तो अतिगंभीर. चाकू नुसता दाखवला तरी तो वापरला असंच न्यायालयं धरत आली आहेत.

कोट्यवधींची गाडी कुणाच्या दारात असते आणि चाकू दाखवून मोबाईल कोण हिसकावतो, हे मिरारोड-भाईंदरच्या पोरांना आम्ही सांगायला नको. पुण्याच्या निकालावर चिडून कायदा आणखी कडक करा म्हणून मोर्चा काढाल, तर त्या कडक कायद्यात सापडणारं पोर कल्याणीनगरचं नसेल, काशिमीऱ्याच्या झोपडपट्टीतलं असेल.

दुसरी जागा प्रेमाची. मुलगी अठराच्या आतली असेल तर तिची संमती कायद्यात धरली जात नाही, आणि २०१९ नंतर पोक्सोच्या मुख्य कलमाची किमान शिक्षाच दहा वर्षं आहे. सतरा वर्षांचा आपला पोरगा आणि सतरा वर्षांची वरच्या म्हणवणाऱ्या जातीतली मुलगी पळून गेले, की मुलीच्या बापाची फिर्याद तयार असते. पोरगा थेट अतिगंभीर गुन्ह्याचा आरोपी. हे लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे खर्ड्याचा नितीन आगे येतो. त्याच्याबद्दल पुढे बोलू.

आधी दोन खटले सांगतो. दोन्ही महाराष्ट्रातले.

पहिला पुण्याचा. ऑगस्ट १९९४ मध्ये एका घरातल्या सात जणांचा खून झाला. मेलेल्यांत एक गरोदर बाई आणि दोन लहान मुलं होती. गुन्हा अंगावर काटा आणणारा, त्यात दुमत नाही. राजस्थानातून आलेला एक आरोपी पोलिसांच्या कागदांत विशीतला म्हणून लिहिला गेला, तेही चुकीच्या नावाने. १९९८ ला फाशी, २००० ला सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब. वर्षं गेली. गावच्या शाळेच्या नोंदीतून पुढे आलं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. बाल न्याय कायद्याने त्याला फार तर तीन वर्षं ठेवता आलं असतं. अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तो आत होता, त्यातला बराचसा फाशीच्या सावलीत. नागपूरच्या तुरुंगातून तो बाहेर पडला तेव्हा चाळिशी ओलांडली होती. विचार करा, सातवीतल्या पोराला बघून पोलिसाला, डॉक्टरला, न्यायाधीशाला, एकालाही 'हा किती वर्षांचा?' असं विचारावंसं वाटलं नाही.

दुसरा खटला नाशिकचा. जून २००३ मध्ये शेतातल्या वस्तीवर दरोडा पडला, खून आणि बलात्कार झाले. भटक्या जमातीचे सहा मजूर पकडले गेले. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही फाशीवर चढवलं. सहाच्या सहा जण फाशीचे कैदी. त्यातला एक घटनेच्या वेळी अठराच्या आतला होता, हे २०१२ मध्ये सिद्ध झालं. २०१२ मध्येच चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी फाशीच्या चुकीच्या निकालांबद्दल राष्ट्रपतींना लिहिलं, त्यांत हा निकालही होता. आणि ५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या बाईने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंतून चार भलतीच माणसं ओळखली होती. तो पुरावा दाबून ठेवला गेला होता. हे गरीब, भटक्या जमातीतले मजूर आहेत, त्यांना खोटं गुंतवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयानेच लिहिलं, आणि प्रत्येकाला पाच लाख द्यायला सांगितलं. सोळा वर्षांचे पाच लाख.

१९२४ चा तो दुसरा कायदा मेला असं ज्यांना वाटतं त्यांनी हा निकाल वाचावा. त्या सहांतल्या सर्वांत लहानाला तर कुठल्याही चाचपणीशिवाय मोठा ठरवून टाकलं होतं.

आता खर्ड्याकडे. कारण 'आरोपी आपला असेल तेव्हा तुम्ही बालक म्हणता, मारला गेलेला आपला असेल तेव्हा काय म्हणाल?' असं आम्हाला विचारलं जातं, आणि हा प्रश्न टाळणं लबाडी होईल. २८ एप्रिल २०१४ ला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या नितीनला शाळेतून मारत नेलं, हाल करून मारलं आणि झाडाला लटकवलं. का? वरच्या म्हणवणाऱ्या जातीच्या मुलीशी बोलतो म्हणून. पकडलेल्यांत काही अल्पवयीन होते. खरं सांगतो, तेव्हा आमच्यातल्या काहींनी 'त्यांनाही फाशी द्या' अशा घोषणा दिल्या होत्या. आम्हीही दिल्या होत्या.

पण खटल्याचं काय झालं ते बघा. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या न्यायालयातून सुटले ते सज्ञान आरोपी. सगळे. अठराची मर्यादा त्यांच्या कामी आली नव्हती. साक्षीदार फितूर झाले होते. शाळेतली, गावातली माणसं, ज्यांनी बघितलं होतं, त्यांनी काही बघितलं नाही असं सांगितलं. कायदा सोळावर आणा, चौदावर आणा, साक्षीदाराच्या जिभेवरची जातीची भीती त्याने जाणार आहे का? अॅट्रॉसिटी कायद्यातलं साक्षीदारांचं संरक्षण, विशेष न्यायालयं, मनापासून लढणारा सरकारी वकील, तपासातली प्रामाणिक नोंद, ही आपली मागणी असायला हवी. पुण्यालाही तेच लागू आहे. तिथला खरा घोटाळा मुलाच्या वयाचा नव्हता. रक्ताचा नमुना बदलला गेल्याचा आरोप आहे, जामीन देणाऱ्या मंडळाच्या सदस्यांना नंतर काढावं लागलं, आणि हे सगळं सज्ञान माणसांनी केलं. त्या मोठ्या माणसांच्या खटल्यावर नजर ठेवायची सोडून आपण पोराच्या वयावर भांडत बसलो.

आणि आपला धम्म काय सांगतो? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पतितांच्या आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेसाठी वेगळा भाग ठेवला आहे, अंगुलिमालासकट. तो तर सज्ञान होता आणि त्याच्या नावावर कितीतरी खून होते. ज्याला बदलता येतं त्याला बदलायची जागा द्यायची, हा विचार आम्ही पाश्चात्त्यांकडून उसना आणलेला नाही.

सज्ञान ठरवल्याने पुढे काय होतं तेही पोरांना ठाऊक नसतं. बालक म्हणून दोषी ठरलेल्याचा कलंक पुढे नोकरीच्या आड येत नाही, नोंदी ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायच्या असतात. सज्ञानासारखा खटला चालून दोषी ठरलेल्याला ही सवलत नाही. एकवीस वर्षं होईपर्यंत सुरक्षित स्थानात, मग न्यायालयाने ठरवलं तर उरलेली शिक्षा मोठ्यांच्या तुरुंगात, आणि बाहेर आल्यावर पोलीस भरतीचा, सरकारी नोकरीचा दरवाजा बंद. आरक्षणासाठी आपण पिढ्यान्पिढ्या लढतो आणि त्या रांगेतूनच पोरगा बाहेर फेकला जातो.

शेवटी आपल्या शहराचं. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतला नाक्यावर काम करणारा सोळा वर्षांचा पोरगा मारामारी आणि जबरी चोरीच्या गुन्ह्यात उचलला गेला. कागदावर वय लिहिलं गेलं एकोणीस. त्याने सांगितलेलं सोळा कुणी ऐकलं नाही. आईकडे जन्मदाखला नव्हता, आधारकार्डावर भलतीच तारीख. शाळा सोडल्याचा दाखला मराठवाड्यातल्या गावी जिल्हा परिषद शाळेत. आमच्यातला एक जण रात्रीची एसटी धरून गेला, गुरुजींना गाठून दाखला घेऊन आला. तो न्यायालयात ठेवेपर्यंत नऊ दिवस गेले होते, आणि ते नऊ दिवस पोरगा मोठ्यांबरोबर आत होता. तिथे काय झालं ते तो अजून सांगत नाही. मग प्रकरण भिवंडीच्या बाल न्याय मंडळाकडे गेलं. भाईंदरहून वसई, वसईहून दिव्याच्या गाडीने भिवंडी रोड, प्रत्येक तारखेला आईचा दिवसाचा रोज बुडतो. तिने एकही तारीख चुकवलेली नाही.

म्हणून कायद्यातला वयाच्या पुराव्याचा क्रम पाठ करा. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. आधारकार्ड या क्रमात येतच नाही. वयाचा मुद्दा कधीही काढता येतो, निकाल लागल्यानंतरसुद्धा. अठराच्या आतल्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, चोवीस तासांत मंडळापुढे न्यावंच लागतं.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात दाखल्यांचं काम सुरू करतो आहोत. ज्यांची पोरं दहा वर्षांपुढची आहेत त्यांनी शाळेचं नाव, गाव, कोणत्या वर्षी नाव घातलं ते चिठ्ठीवर लिहून आणा. त्या आजींच्या नातवाची चिठ्ठी पहिली आली आहे. लातूर, परभणी, बीड, नांदेड, बुलढाण्याकडच्या वाचकांनी, गावच्या शाळेतून दाखला काढून आणायला मदत करणार असाल तर कळवा.